पिवळ्या टाकीच्या अलीकडे कापलेली चित्रफीत

जबाब देणार : सौ. शमिका विक्रम पायगुडे, वय ३३ वर्षे, व्यवसाय : खासगी नेत्र दवाखान्यात डोळे तपासणे, राहणार : बडा बाजारमागील गल्ली, झाशी, उत्तर प्रदेश.

जबाब घेणार : पोलीस उपनिरीक्षक सुमेध वाकोडे, नागपूर. ठिकाण : झाशी येथील पोलीस चौकी. दिनांक : ११ फेब्रुवारी.

मी आज चौकीत स्वतः हजर असून विचारल्यावरून सांगते, की माझ्या नावाआधी सौ. आहे ते मी सांगून लिहवून घेतले आहे. साहेबांनी आधी श्रीमती लिहिले होते. सरकारी कागदावर सगळ्याच बायकांना तसे लिहितात, असे ते म्हणाले. लिहीत असतील. गेल्या महिन्यात चौकात लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावर मला श्रीमती केले होते. तेव्हा माझे पती जिवंत होते आणि आजही आहेत. म्हणून सौ. लिहावे.

मी वरील पत्त्यावर सासूबाई इंदुमती पायगुडे, वय ७१, यांच्यासोबत राहते. माझे पती विक्रम पायगुडे सैन्यात हवालदार असून सध्या सीमेवर एका पहाडी चौकीवर आहेत. पलटणीचे नाव आणि ठिकाण मी सांगणार नाही. नणंद स्वरदा ग्वाल्हेरला दिली आहे. पतींचे चुलत भाऊ मिलिंद पायगुडे नागपूरला नोकरी करतात. या गुन्ह्याची फिर्याद त्यांनीच तिथे दिली आहे. आमच्या घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलतात. जो जे ज्या भाषेत बोलला ते तसेच लिहावे, अशी मी विनंती केली आहे.

दोन वर्षांपूर्वी पतींनी सुटीवर येताना टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल आणला. वरच्या खोलीतल्या टीव्हीवर आम्ही दोघे मिळून 'ग्रे रिज' नावाचा सैनिकांचा खेळ खेळतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या जिना चढत नाहीत. त्यामुळे हा खेळ त्यांनी कधी पाहिलेला नाही. हे महत्त्वाचे आहे म्हणून सांगते.

खेळ कसा असतो ते साहेबांनी विचारले. या खेळात उभ्याने पळत सुटले की माणूस लगेच मरतो. आडोसा धरावा लागतो. पडकी भिंत, वाळूची पोती, जळालेला ट्रक, जे मिळेल त्याला पाठ लावून बसायचे. समोरच्याच्या गोळ्या संपल्या की डोके काढून आपण झाडायच्या. जोडीदार पडला, तर तो लगेच मरत नाही. त्याला ओढत आडोशाला आणले आणि थोडा वेळ बटण दाबून ठेवले की तो उठतो. पती नेहमी घाई करतात आणि पडतात. मी त्यांना ओढून आणते. मी एकदा विचारले होते, खऱ्यातही असेच पुढे पळता का. ते म्हणाले, "खऱ्यात इतक्या चांगल्या भिंती नसतात गं." त्यानंतर मी तसले काही विचारले नाही.

दिवाळीच्या सुटीत आम्ही डोंगरावरच्या चौकीची मोहीम खेळत होतो. त्या ठिकाणी पाण्याची एक पिवळी टाकी आहे. पती पोत्यांमागून उठून पळाले आणि टाकीच्या अलीकडे पडले. कानाला माइक लावलेला होता. त्यात ते ओरडले, "मी गेलो! तू थांबू नको, पुढं जा!" मी म्हणाले, "गप पडा, आले मी. चहा निवतोय तुमचा." मग मी त्यांना टाकीमागे ओढून नेले, उठवले, आणि आम्ही ती मोहीम जिंकली. शेवटी ते हसतात तेही त्यात आहे. कन्सोलवर खेळाचे चित्रण, माइकमधल्या बोलण्यासह, आपोआप साठते. जानेवारीत त्यांचा वाढदिवस होता आणि ते चौकीवर होते. म्हणून मी तेवढा तुकडा काढून घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली लिहिले, "आमचे हवालदार."

मिलिंदभावजींना तो आवडला. त्यांनी तो समाजमाध्यमावरच्या आपल्या पानावर टाकला आणि वर लिहिले, "सीमेवरचा आमचा भाऊ, हवालदार विक्रम पायगुडे, झाशी." त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते नागपूरला राहतात, भावाचे कौतुक चार लोकांना दाखवावेसे वाटले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहावे.

त्यानंतर काही दिवसांनी सीमेवर गोळीबार झाल्याच्या बातम्या आल्या. त्या सकाळी मी दवाखान्यात एका बाईंचे डोळे तपासत होते. त्यांचा मुलगा बाजूला बसून मोबाइल पाहत होता. मोबाइलमधून माझ्या नवऱ्याचा आवाज आला. "मी गेलो! तू थांबू नको, पुढं जा!"

मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला. 'धडाड मराठी' नावाच्या वेब वाहिनीची ती बातमी होती. वर लाल पट्टी होती. "झाशीच्या मराठी वीराचे अखेरचे शब्द. चौकीवरील थरार, पाहा फक्त धडाडवर." खाली पतींचे पूर्ण नाव आणि त्यांचा लष्करी वेशातला फोटो. फोटो मिलिंदभावजींच्या पानावरचाच होता. चित्र काळपट आणि धूसर केले होते. पडद्यावर खेळात गोळ्यांची संख्या दिसते, तिथे त्यांनी आपले चिन्ह चिकटवले होते. पती पडतात, ओरडतात, आणि पडदा काळा होतो. मग एक पेटती पणती येते.

मला आधी हसू आले. हेही लिहून घ्यावे, कारण नंतर माझ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला वाटले, कोणीतरी मूर्खपणा केला आहे, फोन केला की काढून टाकतील. मग मी पतींना फोन लावला. लागला नाही. चौकीवरून पुष्कळदा लागत नाही, आठवडाभरही लागत नाही. पण त्या वेळी मी तो पुन्हा पुन्हा लावला. चित्रफीत खोटी आहे हे मला ठाऊक होते. पण बातमी खोटी आहे हे मला कोण सांगणार होते? गोळीबार तर खरोखर झाला होता. तपासणी अर्धी टाकून मी निघाले.

निघता निघता शेजारच्या जानकी दुबे यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "शमिका, जल्दी घर आओ. अम्माजी गिर गईं."

घडले ते असे. गल्लीतल्या कोणीतरी सासूबाईंना मोबाइल आणून दाखवला. त्यांना चित्र नीट दिसले नाही, मोतीबिंदू आहे. पण आवाज ऐकला. जानकी दुबे यांनी मला सांगितले, की त्यांनी आवाज दोनदा ऐकला, मग उठून दाराकडे निघाल्या आणि ओसरीच्या पायरीवरून खाली पडल्या. मी पोचले तेव्हा त्या खाटेवर होत्या. उजवा पाय वाकडा झाला होता. मी म्हणाले, "आई, ते खरे नाही. तो टीव्हीवरचा खेळ आहे. आम्ही वर खेळतो तो." त्या म्हणाल्या, "आवाज विकूचा आहे. मी आई आहे त्याची, मला शिकवू नको."

त्यांना रुग्णालयात नेले. खुबा मोडला होता, शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. स्वरदा ग्वाल्हेरहून निघाली. रुग्णालयाच्या ओट्यावरून मी छावणीतल्या कार्यालयात फोन केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी नाव आणि नंबर विचारून थोडा वेळ थांबवले आणि मग सांगितले, "मैडम, हमारे पास ऐसी कोई सूचना नहीं है. होती तो हम फोन पर नहीं, आपके दरवाज़े पर होते." मी त्यांना विचारले, तुम्ही खात्रीने सांगता का. ते म्हणाले, "आपके पति से बात होने तक मैं खुद लगा रहूँगा." त्या दिवशी माझ्याशी माणसासारखे बोललेले ते पहिले.

त्यानंतर मी वाहिनीला फोन केला. त्यांच्या पानावर नंबर होता. फोन उचलणाऱ्याने नाव देवेंद्र सांगितले, आडनाव सांगितले नाही. आमचे बोलणे झाले ते असे.

मी म्हणाले, "तुम्ही दाखवताय तो व्हिडिओ गेम आहे. आमच्या घरच्या कन्सोलवरचा. मी विक्रम पायगुड्यांची बायको बोलतेय."

ते म्हणाले, "ताई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"दुःख कसले? माणूस जिवंत आहे. सैन्याच्या कार्यालयाने सांगितलेय. तुम्ही ते काढा."

"आमच्याकडे सूत्रांची माहिती आहे, ताई."

"सूत्र कोण? बायको मी आहे."

ते म्हणाले, "तुम्ही कॅमेऱ्यावर दोन शब्द बोलाल का? आमचा माणूस तासाभरात झाशीत पोचेल. तुम्हाला जे म्हणायचेय ते सगळे म्हणा."

मी विचारले, "पुढचा भाग का कापलात? त्यात माझा आवाज आहे. मी त्यांना उचलते, ते हसतात. ते ऐकल्याशिवाय कापता येत नाही. म्हणजे तुम्ही ऐकलेत."

त्यांनी फोन ठेवला. मी परत लावला तेव्हा बंद होता. माझी मुख्य तक्रार हीच आहे आणि ती ठळक लिहावी. चूक झाली, असे ते आता म्हणतात. सबंध चित्रफीत पाहणाऱ्या माणसाची अशी चूक होत नाही. त्यात मी चहाचे बोलते. लढाईत कोणाचा चहा निवत नाही. ज्याने ती कात्री लावली, त्याला माझा नवरा टाकीमागे उठून बसलेला दिसला होता. त्याने त्याला पुन्हा टाकीच्या अलीकडे नेऊन टाकला.

दुपारी सासूबाईंचे कपडे आणायला घरी गेले. दारात चपलांचा ढीग होता. पतींचा लग्नातला फोटो भिंतीवरच्या चौकटीतून काढून पाटावर ठेवला होता, त्यात मी होते ती बाजू घडी करून मागे वळवली होती. फोटोला हार होता. गल्लीतल्या बायका, बाजारातले दुकानदार, दोन पुढारी आणि त्यांच्यासोबत फोटो काढणारे, सगळे माझ्या घरात होते. किल्ली जानकी दुबे यांच्याकडे असते. लोकांना त्या थांबवू शकल्या नाहीत, असे त्या म्हणाल्या.

मी हार काढला. एक वयस्कर बाई, नाव सांगत नाही, त्यांनी मला जवळ घेतले आणि "रो लो बेटी, रो लो" म्हणत पदराच्या टोकाने माझे कुंकू पुसायला हात नेला. मी त्यांचा हात धरला. त्यांनी दुसरा हात आणला. मी ढकलले, तेव्हा त्या मागच्या बायकांवर पडल्या. कोणीतरी म्हणाले, "सदमा लगा है, होस में नइयाँ," म्हणजे मी शुद्धीवर नाही. मी हिंदीत सांगितले, मराठीत सांगितले, की हे खोटे आहे. मी जेवढे मोठ्याने सांगितले, तेवढी त्यांना माझी कीव आली. मी रडले असते, तर त्यांना बरे वाटले असते.

तेव्हा मी वर गेले, कन्सोल काढून आणला आणि माजघरातल्या टीव्हीला जोडला. वायर मी एकटीने लावली. कोणी मदत केली नाही. मी तीच मोहीम उघडली. सगळ्यांसमोर जमिनीवर बसून खेळायला लागले. पोती आली, जळालेला ट्रक आला. मी एकटी होते, त्यामुळे दोनदा मेले आणि दोनदा पुन्हा सुरू केले. मागे बायका कुजबुजत होत्या. एका पुढाऱ्याने जोडीदाराला सांगितले, "चलो यार, ये तो अजीब है." ते निघून गेले.

गल्लीत तानाजी जगदाळे राहतात, निवृत्त सुभेदार, आमच्यासारखेच जुने मराठी घर. ते पुढे येऊन टीव्हीसमोर बसले. मी पोत्यांमागून निघाले तेव्हा त्यांनी आपला मोबाइल उघडून टीव्हीशेजारी धरला. पिवळी टाकी दोन्हीकडे आली. टाकीच्या पत्र्यावरचा गंजाचा डागसुद्धा तोच होता. त्यांनी मोबाइल बंद केला आणि मागे वळून म्हणाले, "जूते पहनो सब लोग. लड़का ज़िंदा है. बाहर निकलो." मग मला मराठीत म्हणाले, "सूनबाई, बंद कर आता तो गोंगाट." मी बंद केला. तिथेच बसून राहिले. कपडे घेऊन रुग्णालयात जायचे आहे याची त्यांनीच मला आठवण करून दिली.

जमलेल्यांपैकी कोणीतरी माझे खेळताना चित्रण केले होते. ते संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेले. त्यावर लिहिले होते, "शहीद की पत्नी गेम खेलती रही." धडाड मराठीने तेही घेतले. शीर्षक दिले, "वीरपत्नीला झाले तरी काय?" त्याखाली लोकांनी माझ्याबद्दल जे लिहिले, ते मी इथे सांगणार नाही. साहेबांकडे त्याचे फोटो दिले आहेत. त्यातला एक माणूस माझ्याकडे चष्म्याचा नंबर काढून गेलेला आहे. मी त्याला ओळखते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पतींचा फोन आला. मी रुग्णालयाच्या जिन्यात होते. ते म्हणाले, "अगं, साहेबांनी मला खाली बोलावून फोन हातात दिला, घरी बोल म्हणाले. काय झालंय? आई बरी आहे ना?" ते परत परत "शमिका, शमिका" म्हणत राहिले. मग मी त्यांना रागावले. काय बोलले ते आठवत नाही. कशाला पळालात पोत्यांमागून, असे काहीतरी बोलले. ते गोंधळून गेले. त्यांना काहीच माहीत नव्हते. चौकीवर त्या दिवसांत मोबाइल चालत नव्हता. देशभर लोकांनी त्यांच्यासाठी पणत्या लावल्या, तेव्हा ते बरॅकीत पाणी तापवत होते.

त्यानंतर वाहिनीने मथळा बदलला. आधी केला, "त्या व्हिडिओमागचे सत्य काय?" आणि तीच चित्रफीत, तशीच कापलेली, परत लावली. मग खाली बारीक अक्षरात दिलगिरी आली, "अनवधानाने" असा शब्द वापरून. देवेंद्र यांचा मिलिंदभावजींना फोन आला, की हवालदार सुटीवर येतील तेव्हा त्यांची मुलाखत हवी, "मृत्यूला हरवलेला वीर" म्हणून. माझ्या पतींनी कोणालाही हरवलेले नाही. ते मेलेलेच नव्हते. चौकातला फलक महानगरपालिकेच्या माणसांनी उतरवला. ज्यांनी लावला, त्यांच्यापैकी कोणी दारात आले नाही.

मिलिंदभावजी स्वतः झाशीला आले. सासूबाईंच्या खाटेशी उभे राहून रडले. मी त्यांना म्हणाले, रडू नका, तुमच्या गावी पोलिसांत जा. ते गेले. म्हणून साहेब इथपर्यंत आले आहेत.

साहेबांनी विचारले, की तुमचे म्हणणे नेमके काय. माझे म्हणणे असे, की सबंध चित्रफीत, माझ्या आवाजासह, तपासाच्या कागदांत जोडावी. ती मी पेन ड्राइव्हमध्ये दिली आहे. ती कोणी कापली, त्याचे नाव शोधावे. वाहिनीचे नाव मला पुरे नाही, वाहिनीला हात नसतात. मला तो माणूस हवा आहे. त्याने माझ्यासमोर बसून ती शेवटपर्यंत पाहावी आणि मग अनवधानाने हा शब्द तोंडाने म्हणून दाखवावा.

सासूबाईंच्या प्रकृतीबद्दल वेगळे विचारले, म्हणून सांगते. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात, काठीने चालतील. जेवण कमी आहे. पतींची सुटी अजून मंजूर झालेली नाही. मी सासूबाईंना सबंध चित्रफीत ऐकवली, पतींच्या हसण्यापर्यंत. त्या म्हणाल्या, "हे तू मागनं जोडलंस. माझी समजूत घालायला." मी शपथ घेतली. त्यांनी माझ्या हातावर थोपटले, जणू मलाच समजावत होत्या.

परवा पतींचा पुन्हा फोन आला. मी तो सासूबाईंच्या कानाशी धरला. पती बराच वेळ बोलत होते, लहानपणीचे काही काही सांगत होते, मला बाहेर थोडे ऐकू येत होते. सासूबाईंनी सगळे ऐकले. मग मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "आवाज त्याचाच आहे. त्या दिवशीही त्याचाच होता." मुलगा जिवंत आहे, हे त्यांना अजून पटलेले नाही.

एवढेच माझे सांगणे आहे. ते उपनिरीक्षक साहेबांनी मराठीत उतरवून मला सावकाश वाचून दाखवले. एके ठिकाणी "पतीच्या मृत्यूची बातमी" असे लिहिले गेले होते, ते खोडून "पतीच्या मृत्यूची खोटी बातमी" असे करून घेतले. बाकी मी बोलले तसेच आहे, कोणाच्या दबावाने सांगितलेले नाही, म्हणून खाली सही करते.

सही : शमिका विक्रम पायगुडे

समक्ष : सुमेध वाकोडे, पोलीस उपनिरीक्षक